ट्राममार्गांचा इतिहास : संशोधनपद्धती

शहरातील बंद पडलेल्या ट्राममार्गांची आखणी, ते सुरू व बंद झाल्याच्या तारखा आणि त्यांवरून धावलेल्या सेवा यांचा कागदपत्रे, नकाशे, छायाचित्रे व रस्त्यावरील अवशेष यांच्या आधारे घेतलेला शोध. या कामात तीन गोष्टी आरंभापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात : रूळ, मार्ग आणि सेवा. रूळ म्हणजे रस्त्यात प्रत्यक्ष बसवलेले लोखंड. मार्ग म्हणजे कायद्याने किंवा परवान्याने मंजूर झालेली वाट. सेवा म्हणजे ठरलेल्या दोन टोकांमध्ये धावणारी, बहुधा क्रमांक दिलेली गाडी. एकाच रुळांवरून अनेक सेवा जात, सेवांचे क्रमांक बदलत, एकीचा क्रमांक पुढे दुसरीला मिळे. रूळ मात्र तेच राहत. अमुक क्रमांकाची ट्राम बंद झाली या नोंदीवरून त्या रस्त्यावरचे रूळही तेव्हाच निकामी झाले असे मानणे, ही या विषयातील सर्वांत रुळलेली चूक होय. म्हणून अभ्यासाचे एकक सेवा नव्हे, तर रूळ जेथे फुटतात किंवा मिळतात अशा दोन सांध्यांमधील रुळांचा तुकडा धरावा आणि प्रत्येक तुकड्याच्या तारखा स्वतंत्रपणे लावाव्यात.

लांबीच्या आकड्यांतही हाच घोटाळा होतो. दुहेरी रुळांचा एक किमी. मार्ग मार्गलांबीत एक, तर रूळलांबीत दोन किमी. भरतो, डेपोतील रूळ काही अहवालांत मोजलेले असतात, काहींत नसतात. दोन वर्षांच्या अहवालांत लांबी एकाएकी वाढलेली दिसली, तर नवा रस्ता शोधण्याआधी एकेरी रूळ दुहेरी झाले का, हे पाहावे.

आरंभाची तारीख : वादाचा मुख्य विषय. एका मार्गाला पाच ‘आरंभ’ असू शकतात : मंजुरी, बांधकामाची समाप्ती, सरकारी तपासणी, उद्घाटनाचा समारंभ आणि भाडे घेऊन झालेली पहिली सार्वजनिक फेरी. यांत काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत अंतर पडते. जुने संदर्भग्रंथ यांपैकी कोणती तारीख दिली आहे हे क्वचितच सांगतात. भाडे घेऊन झालेली पहिली फेरी प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कारण समारंभानंतरही तपासणीतील त्रुटींमुळे वाहतूक अडल्याची शक्यता उरते. वृत्तपत्रातील ‘सोमवारी सुरू होणार’ ही बातमी केवळ इराद्याचा पुरावा असते. ती त्यानंतरच्या अंकांतील वृत्ताशी ताडून पाहावी.

कोलकात्याचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली व त्याच वर्षी बंद पडली. पुढे नव्याने आलेल्या कंपनीची लंडनमधील नोंदणी २२ डिसेंबर १८८० ची, तर मार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर १८८० चे, असे अनेक ठिकाणी शेजारीशेजारी छापलेले आढळते. उद्घाटन नोंदणीच्या आधीचे दिसते, याकडे बहुतेक लेखनात लक्ष गेलेले नाही. असा क्रम अशक्य नसला, तरी दोन तारखांचा उगम वेगळ्या प्रकारच्या साधनांत असण्याचा संभव असतो. अशा वेळी नोंदणीसाठी कंपनी-दप्तर व उद्घाटनासाठी समकालीन वृत्तपत्रे स्वतंत्रपणे तपासणे हाच मार्ग. १८७३ आणि १८८० हे एकाच व्यवस्थेचे दोन टप्पे मानावेत की दोन वेगळ्या व्यवस्था, यावर मतभेद संभवतो. मधल्या काळात सेवा नसल्याने दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मुंबईत हा प्रश्न उद्भवत नाही : घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी, विजेची ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि शेवटची गाडी ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर धावली.

‘पहिली ट्राम कोणती’ हा वादही व्याख्येचाच आहे. वेल्समधील स्वॉन्झी-मम्बल्स मार्गावर १८०७ मध्ये प्रवासी नेले जाऊ लागले, पण तो मूळचा मालवाहू लोहमार्ग होता. शहराच्या रस्त्यातील मार्ग म्हणून न्यूयॉर्क-हार्लेम (१८३२) याला अग्रमान मिळतो. विजेबाबत बर्लिनजवळचे लिश्टरफेल्डे (१८८१) व अमेरिकेतील रिचमंड (१८८८) यांची नावे येतात. पहिले सार्वजनिक सेवेमुळे, दुसरे शहरभर पसरलेल्या यशस्वी व्यवस्थेमुळे. पूर्वीच्या रशियन साम्राज्यातील शहरांसाठी तेथे तेव्हा चालणारे जुने (ज्युलियन) व आजचे (ग्रेगोरियन) पंचांग यांतील फरक ध्यानात घ्यावा : एकोणिसाव्या शतकात तो १२, विसाव्यात १३ दिवसांचा आहे. कीव्हची विजेची ट्राम म्हणूनच १ जून व १३ जून १८९२ अशा दोन्ही तारखांनी नोंदलेली दिसते.

साधने. मंजुरीची कागदपत्रे आखणी अचूक देतात, पण ती घडली की नाही हे सांगत नाहीत. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्यानुसार रुळांमधील व दोन्ही बाजूंना १८ इंचांपर्यंतचा रस्ता राखण्याची जबाबदारी ट्रामचालकांवर होती, आणि २१ वर्षांनंतर स्थानिक संस्थेला मार्ग विकत घेता येई. त्यामुळे फरसबंदीवरून झालेले तंटे व खरेदीच्या वेळची मोजदाद नगरपालिकांच्या कार्यवृत्तांत सापडतात. ही मोजदाद रुळांचे वजन, सांधे, खांब, गाड्या यांसह असल्याने कंपनीच्या जाहिरातवजा अहवालांपेक्षा कितीतरी विश्वसनीय ठरते. भारतासाठी १८८६ चा ट्राम कायदा व त्याखालील राजपत्रातील आदेश पाहावेत.

नकाशावरील प्रकाशनवर्ष हे पाहणीचे वर्ष नव्हे. कडेच्या मजकुरातील ‘पाहणी’ व ‘सुधारणा’ ही वर्षे वेगळी टिपावीत. अंशतः सुधारलेल्या नकाशात बंद झालेले रूळ तसेच राहून जातात. जुना नकाशा संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवताना साध्या रूपांतरणाला ३, द्विघाती रूपांतरणाला ६ संदर्भबिंदू (दोन्ही नकाशांत ओळखता येणारी ठिकाणे) किमान लागतात. प्रत्यक्षात १० ते १५ घ्यावेत व ते कागदाच्या चारही कोपऱ्यांत पसरवावेत. पूल, मंदिर-चर्च, जुन्या इमारतींचे कोपरे असे न हललेले बिंदू निवडावेत. रुंद झालेल्या रस्त्याची कड घेतली की रूळ थेट फुटपाथवर सरकतात. रस्त्यांची नावे बदललेली असल्यास जुनी-नवी नावे व बदलाचे वर्ष यांचा तक्ता आधी करावा; तिकिटांवरील टप्प्यांची नावे त्याशिवाय उलगडत नाहीत.

छायाचित्रात ट्रॉलीदांडा (वरच्या तारेतून वीज घेणारा, गाडीच्या छतावरचा दांडा) सहसा गाडीच्या मागे झुकलेला असतो, त्यावरून गाडीची दिशा कळते. निगेटिव्हची काच उलटी धरून छापलेली छायाचित्रे पाट्यांवरील अक्षरांवरून ओळखावीत. पोस्टकार्डावरील शिक्का छायाचित्र त्याआधीचे आहे एवढेच सिद्ध करतो. काही चित्रे अनेक वर्षे विकली जात. दुकानांच्या पाट्या व त्या वर्षांच्या व्यावसायिक निर्देशिका यांची सांगड घातल्यास काळ बराच आवळता येतो.

अवशेष. अनेक ठिकाणी रूळ न काढता वर डांबर घातले गेले, म्हणून खोदकामात ते आजही निघतात. अशा वेळी दोन रुळांच्या आतील कडांमधले अंतर मोजावे. १,४३५, १,०६७ व १,००० मिमी. ही मापे नेहमीची. ग्लासगोचे १,४१६ मिमी. हे माप मात्र रेल्वेच्या वाघिणी चाकांच्या कडेवर ट्रामच्या खाचेतून नेता याव्यात यासाठी होते. झिजलेल्या किंवा हललेल्या रुळांत काही मिमी. फरक पडतो, तेव्हा सरळ भागात तीन-चार ठिकाणी मोजून मगच निष्कर्ष काढावा. वळणावरचे माप वापरू नये. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वर्ष व छेदाचा क्रमांक उठावात असतो. तो माती घासून, तिरप्या उजेडात टिपावा. ते वर्ष रूळ कारखान्यात तयार झाल्याचे, मार्ग बांधल्याचे नव्हे. विजेच्या गाड्यांसाठी घोडट्रामचे हलके रूळ बदलून मीटरला सुमारे ४५ ते ५५ किग्रॅ. वजनाचे खाचेचे रूळ घालत; सापडणारे रूळ बहुधा या शेवटच्या पिढीचे असतात आणि त्यांवरून पहिल्या आखणीचे माप सांगता येत नाही. जमिनीच्या वर राहिलेल्या खुणांत तारा बांधण्यासाठी भिंतींत बसवलेले लोखंडी गुलाबचक्र, दिव्यांसाठी पुन्हा वापरलेले खांब आणि डेपोची दारे येतात.

नोंद ठेवताना प्रत्येक तुकड्यासाठी चार तारखा लिहाव्यात : सुरू झाल्याची सर्वांत आधीची व सर्वांत नंतरची शक्य तारीख, आणि बंद झाल्याच्या तशाच दोन. प्रत्येकीपुढे साधन व पान द्यावे. ‘सुमारे १९१०’ असे एकच वर्ष लिहिल्याने पुढच्या अभ्यासकाला ते कशावर उभे आहे हे कळत नाही, आणि ते नकळत निश्चित तारीख म्हणून उद्धृत होत राहते.

घोडट्रामच्या काळातील थांबे व फेऱ्यांचे अंतर यांची साधने तुटपुंजी असतात. गाडी हात दाखवताच थांबत असल्याने ठराविक थांब्यांची यादी अनेक ठिकाणी तयारच झाली नाही. वेळापत्रकाऐवजी ‘दर अमुक मिनिटांनी’ एवढीच जाहिरात मिळते. तबेल्यांची जागा व घोड्यांची संख्या कळल्यास धावणाऱ्या गाड्यांचा स्थूल अंदाज बांधता येतो, कारण दिवसभरात एका गाडीला घोड्यांच्या अनेक जोड्या आलटून पालटून जुंपाव्या लागत.