मागच्या फळीचं नाव: एलएसयूच्या 'डीबीयू'ची पार्श्वभूमी

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 2025 च्या बचावफळीची यादी वाचताना माझी नजर खेळाडूंच्या नावांपेक्षा 'आधीचं कॉलेज' या रकान्यावर जास्त रेंगाळते. कॉर्नरबॅक मन्सूर डिलेन, आधी व्हर्जिनिया टेक. सेफ्टी ए. जे. हॉल्सी, आधी ह्यूस्टन आणि त्याआधी न्यू मेक्सिको. टमार्कस कूली, आधी नॉर्थ कॅरोलायना स्टेट. 2010 च्या सुमारास याच संघाच्या यादीत हा रकाना जवळजवळ रिकामा असायचा. तेव्हा बघायची ती गावं: न्यू ऑर्लिन्स, श्रीव्हपोर्ट, बॅटन रूज.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बचावाला अकरा जण उतरतात. पुढचे धटिंगण धक्काबुक्की करतात. मागे जे चार-पाच चपळ गडी पसरलेले असतात, ते डिफेन्सिव्ह बॅक, लाडाने डीबी. कडेला उभा राहून समोरच्या झेलकऱ्याला सावलीसारखा चिकटतो तो कॉर्नरबॅक, आणि मधे खोलवर थांबून सगळ्यांच्या चुका निस्तरतो तो सेफ्टी. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक आठवा. चढाईवाला कुठे वळणार याचा अंदाज त्याच्या पायांवरून घ्यायचा आणि क्षणभरही आधी झेपावायचं नाही. फरक एवढाच की कॉर्नरबॅकला हे सगळं उलट्या पावली पळत करावं लागतं. चेंडू हवेतून फेकण्याचं प्रमाण वाढत गेलं तसा चारांच्या जोडीला पाचवा डीबी नेहमीचाच झाला. त्याला 'निकेल' म्हणतात, कारण निकेल म्हणजे पाच सेंटांचं नाणं.

या पाचांच्या कौशल्यावरून काही कॉलेजं स्वतःला 'डीबीयू' म्हणवतात, म्हणजे डीबींचं विद्यापीठ. हा किताब कोणी देत नाही, ज्याचा त्यानेच घ्यायचा. ओहायो स्टेट घेतं, फ्लोरिडा घेतं, टेक्सास आणि अलाबामाही घेतात. 1986 पासून देशातल्या सर्वोत्तम डीबीला जिम थॉर्प पुरस्कार देतात. तो एलएसयूकडे तीनदा आला: 2010 मध्ये पॅट्रिक पीटरसन, 2011 मध्ये मॉरिस क्लेबोर्न, 2019 मध्ये ग्रँट डेलपिट. ओक्लाहोमाचेही तीन आहेत, पण 'डीबीयू' म्हटल्यावर ओक्लाहोमा पटकन कोणाच्या तोंडी येत नाही. म्हणजे हे काम ट्रॉफ्या मोजून होत नाही, त्याला गोष्टी लागतात. आणि गोष्टींची एलएसयूकडे कमी नाही.

पहिली गोष्ट 1958 ची. त्या काळी नियमच असे होते की खेळाडू मनाला येईल तेव्हा आत-बाहेर करता येत नसत. त्यामुळे बहुतेकांना चढाई आणि बचाव दोन्ही करावे लागत. प्रशिक्षक पॉल डिट्झेल यांनी यावर तोड काढली. त्यांनी संघाचे तीन गट पाडले. सर्वात चांगल्या अकरांनी दोन्ही बाजू खेळायच्या, दुसऱ्या गटाने मुख्यतः चढाई करायची आणि उरलेल्यांनी फक्त बचाव. या उरलेल्यांना एका चित्रकथेवरून 'चायनीज बँडिट्स' हे नाव पडलं. आज असं नाव कोणी ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण फुटबॉलच्या दृष्टीने झालं ते विलक्षण होतं. जे पहिल्या दोन गटांत बसले नाहीत, तेच प्रेक्षकांचे लाडके ठरले. एलएसयू त्या वर्षी अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. या संघात बचावाचं कौतुक करायची सवय लागली ती तिथून.

पुढच्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 1959 च्या रात्री, बॅटन रूजच्या टायगर स्टेडियममध्ये ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध सामना होता. चौथ्या पर्वापर्यंत ओल मिस 3-0 ने पुढे. बिली कॅननने स्वतःच्या गोलरेषेपासून 11 यार्डांवर, ओल मिसने पायाने लांब उडवलेला उसळता चेंडू, म्हणजे पंट, पकडला आणि अंगावर येणाऱ्यांना झटकत 89 यार्ड पळाला. ही धाव लुइझियानात आजही दर हॅलोवीनला दाखवतात. माझ्या लेखी मात्र त्या रात्रीचा खरा क्षण शेवटच्या काही सेकंदांतला आहे. ओल मिस परत आलं, थेट गोलरेषेपाशी. चौथा आणि शेवटचा प्रयत्न. तेव्हा बचावाला कोण होतं? धापा टाकणारा तोच कॅनन. वॉरन रॅब आणि त्याने मिळून चेंडूवाल्याला रेषेच्या जेमतेम यार्डभर अलीकडे अडवलं. 7-3. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी कॅननला मिळाली ती त्याच्या पळण्यासाठी, पण सामना वाचला तो अडवण्यामुळे.

कॅननला अस्सल डीबी म्हणता येणार नाही. तो मान टॉमी कॅसानोव्हाचा. हा क्रॉली गावचा मुलगा 1969 ते 1971 अशी सलग तीन वर्षं ऑल-अमेरिकन ठरला, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंत गणला गेला. पुढे सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाकडून खेळता खेळता त्याने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, नेत्रतज्ज्ञ झाला आणि राज्याच्या सिनेटमध्येही निवडून गेला. त्यानंतरची दोन-अडीच दशकं या विषयात फारसं काही सांगण्यासारखं नाही.

2000 साली निक सेबन आले. ते स्वतः केंट स्टेटचे डीबी, आणि मुख्य प्रशिक्षक झाल्यावरही सरावात डीबींच्या कोपऱ्यात जाऊन पावलं कशी टाकायची ते शिकवत बसणारे. 2003 च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद आलं. सेबन गेले तरी पद्धत राहिली. 2007 मध्ये सेफ्टी लारॉन लँड्री एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सहावा गेला, आणि तिथून 2022 पर्यंत एलएसयूचे सात डीबी पहिल्या फेरीत निवडले गेले. 'डीबीयू' या शब्दाचं भांडवल ते हेच.

या काळाचा कळस म्हणजे 2011. पीटरसन नुकताच एनएफएलमध्ये गेला होता, पाचव्या क्रमांकावर. त्याने मागे सोडलेली 7 क्रमांकाची जर्सी टायरन मॅथ्यूला मिळाली. मॅथ्यू न्यू ऑर्लिन्सचा, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. इतक्या बुटक्या मुलाकडे मोठी कॉलेजं सहसा ढुंकूनही बघत नाहीत. त्याची खासियत अडवण्यात नव्हती, हिसकावण्यात होती. ओरेगनविरुद्धच्या सलामीला त्याने पंट घेणाऱ्याच्या हातातून चेंडू उपटला आणि तीन यार्डांवरून स्वतःच गोलरेषा ओलांडली. लोक त्याला 'हनी बॅजर' म्हणू लागले. आकार न बघता अंगावर जाणाऱ्या त्या जनावराचं नाव त्याला चपखल बसलं. डीबी असूनही तो हाइझमनच्या अंतिम यादीत पोचला.

त्या वर्षीच्या 5 नोव्हेंबरला अलाबामाच्या मैदानावर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची गाठ पडली. साठ मिनिटांत एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे कोणीच पोचलं नाही. चौथ्या पर्वात अलाबामाने डाव टाकला. चेंडू फेकणं हे ज्याचं काम, त्या क्वार्टरबॅकऐवजी झेलकरी मार्क्विस मेझने चेंडू फेकला. एलएसयूच्या एक यार्ड रेषेजवळ मायकल विल्यम्सच्या हातांत तो जवळपास विसावला होता. सेफ्टी एरिक रीडने त्याच्याबरोबरच उडी घेतली, आणि दोघे खाली पडेपर्यंत चेंडू रीडच्या छातीशी होता. एखाद्या लहान मुलाच्या हातून खाऊ काढून घ्यावा तितक्या सहज. त्यानंतर जादा वेळेत एलएसयू 9-6 ने जिंकला.

पण दोन महिन्यांनी, 9 जानेवारी 2012 ला न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामन्यात हीच अलाबामा परत भेटली आणि 21-0 ने हरवून गेली. आता एक योगायोग पाहा. 1959 च्या त्या 7-3 नंतरही दोनच महिन्यांत ओल मिस परत भेटलं होतं, न्यू ऑर्लिन्समध्येच. निकाल 21-0. एलएसयूच्या दोन सर्वांत गाजलेल्या बचावांच्या कपाळी तोच आकडा लिहिलेला.

मॅथ्यूचं पुढे काय झालं? ऑगस्ट 2012 मध्ये शिस्तभंगावरून त्याला संघातून काढलं. तो सावरला, एनएफएलमध्ये बारा वर्षं खेळला, कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकला आणि शेवटी आपल्या गावच्या सेंट्सकडे आला. 2025 च्या जुलैत त्याने निवृत्ती जाहीर केली. पीटरसनने एप्रिलमध्येच बूट उतरवले होते. 7 क्रमांकाचे पहिले दोन मानकरी एकाच उन्हाळ्यात थांबले, त्यामुळे 2025 च्या हंगामाआधी जुन्या दिवसांची आठवण जरा जास्तच निघत होती.

पुढे ही जर्सी डेरेक स्टिंगली ज्युनियरनेही घातली. बॅटन रूजचाच मुलगा, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्याच्या घरातली आहे. त्याचे आजोबा डॅरिल स्टिंगली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे झेलकरी. 12 ऑगस्ट 1978 ला ओकलंडमध्ये हंगामपूर्व सामना होता, म्हणजे ज्याचा निकाल कुठेही मोजला जात नाही असा. मधल्या भागात उंच आलेल्या चेंडूसाठी त्यांनी अंग ताणलं आणि समोरून जॅक टेटमची धडक बसली. मानेचे मणके मोडले. पेनल्टीसुद्धा दिली गेली नाही, कारण तेव्हाच्या नियमात ती धडक बसत होती. डॅरिल यांनी 2007 पर्यंतचं उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत काढलं. टेटम सेफ्टी होता, म्हणजे डीबी, आणि घडला होता ओहायो स्टेटमध्ये, 'डीबीयू'वर एलएसयूइतकाच हक्क सांगणाऱ्या कॉलेजात. अशा घरातला नातू झेलकरी न होता डीबी झाला. त्याचे वडीलही अरीना फुटबॉल खेळलेले, त्यांनीच त्याला पावलं शिकवली. 2019 मध्ये, पहिल्याच वर्षी, स्टिंगलीने सहा इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्यांनी फेकलेला चेंडू सहादा मधेच पकडला. ना धडक ना आरडाओरडा, चेंडू आणि माणूस यांच्यामध्ये हात कधी गेला ते कळायचंही नाही. तो संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. मार्च 2025 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने त्याच्याशी तीन वर्षांचा नऊ कोटी डॉलर्सचा करार केला. वर्षाच्या सरासरीने तोपर्यंत एवढे पैसे कुठल्याच डीबीला मिळाले नव्हते.

पण 2019 च्या त्या विजेतेपदानंतर संघाची घसरण झाली, तीही एका दुपारीत. 26 सप्टेंबर 2020, साथीच्या काळात अर्ध्याहून अधिक रिकामं टायगर स्टेडियम, समोर मिसिसिपी स्टेट. बचावाचे जुने प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलरला गेले होते, बो पेलिनी नवी आखणी घेऊन आले होते, आणि स्टिंगली आजारपणामुळे बाहेर. मिसिसिपी स्टेटचे माइक लीच जवळपास प्रत्येक चाल हवेतून खेळणारे. तरी एलएसयूने माणसामागे माणूस लावायचा हट्ट सोडला नाही. त्यांचा क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने 623 यार्ड फेकले, दोन्ही संघ ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटात खेळतात त्याचा विक्रम. डीबींच्या विद्यापीठात, राष्ट्रीय विजेतेपदाचा झेंडा अजून कोरा करकरीत असताना. निकाल 44-34.

त्यानंतर दरवर्षी सलामीला हार: 2021 मध्ये यूसीएलए, 2022 आणि 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट, 2024 मध्ये यूएससी. सलग पाच. डीबींना घडवणारे कोरी रेमंडही मधे फ्लोरिडाला गेले. ते स्वतः एलएसयूचे माजी खेळाडू, 2012 पासून ही फळी त्यांच्या हाताखाली. 2023 मध्ये तर जेडन डॅनियल्ससारखा हाइझमन विजेता क्वार्टरबॅक असूनही बचावाने इतका घात केला की हंगामानंतर बचावाच्या प्रशिक्षकांना घरी पाठवावं लागलं. 2024 मध्ये ब्लेक बेकर आले आणि रेमंड परतले.

पण रेमंड परतले तोवर बाजार बदलला होता. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी सुरू झाली, 2021 पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं, त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पूर्वी राज्यात एकच मोठं कॉलेज असण्याचा एलएसयूला फायदा होता. श्रीव्हपोर्टच्या किंवा न्यू ऑर्लिन्सच्या मुलाने लहानपणापासून एलएसयूचं जांभळं-सोनेरीच पाहिलेलं असायचं. त्याला सतराव्या वर्षी आणायचा, दोन वर्षं पावलं घोटून घ्यायची, मग मैदानात सोडायचा. आता ही घोटाई व्हर्जिनियात किंवा ह्यूस्टनमध्ये झालेली असते, आणि तयार माल बॅटन रूजला येतो. यात वाईट आहे असं मी म्हणत नाही. डिलेन तीन हंगाम खेळून आलेला कॉर्नर होता, हॉल्सीला चेंडू कुठे पडणार याचा वास यायचा. 2020 च्या त्या दुपारी असा अनुभव मैदानात असता तर 623 झाले नसते. पण त्यांना 'डीबीयू'ने घडवलं म्हणता येणार नाही.

2025 च्या संघातही जुनी वाट पूर्ण बुजलेली नव्हती. ॲश्टन स्टॅम्प्स मेटेरीच्या रमेल शाळेचा, जिथून क्रिस्टियन फुल्टन आला होता. पी. जे. वुडलंड शेजारच्या मिसिसिपीचा. आणि फ्लोरिडाहून आलेला त्या वर्षीचा नवा कॉर्नर डी. जे. पिकेट, सहा फूट चार इंचांच्या आसपास उंचीचा. पीटरसनही फ्लोरिडाचाच होता हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. रेमंड पिकेटला किती लवकर उतरवतात, यावर माझी तरी नजर होती.

30 ऑगस्ट 2025 ची सलामी क्लेमसनच्या मैदानावर होती. एलएसयूसारखंच त्यांचं टोपणनावही टायगर्स, आणि त्यांच्या स्टेडियमलाही एलएसयूच्या स्टेडियमप्रमाणे 'डेथ व्हॅली' म्हणतात. समोर केड क्लुबनिक, त्या हंगामाआधी देशातल्या वरच्या क्वार्टरबॅकांत गणला जाणारा. पहिल्या चेंडूला डावीकडे डिलेन उभा असेल की उजवीकडे, ते तेवढं त्याआधी ठरायचं होतं.