गुणी मूल आणि चांगलं मूल एकच नव्हे

‘हुशारीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा’ हे अनेकांनी लहानपणी आईवडिलांकडून ऐकलेलं असतं. हुशारी ओळखायला कुणाला अडचण येत नाही, मार्क दिसतात, चटपटीत उत्तरं ऐकू येतात. हुशार माणूस दुष्टही असू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा घोळ चांगुलपणा आणि आज्ञाधारकपणा यांच्यात होतो. ‘उलटून बोलत नाही, सांगितलेलं ऐकतो, फार गुणी आहे’ हे कौतुक मला सहन होत नाही, कारण ते मूल दुसऱ्याशी कसं वागतं हे त्यातून कळतच नाही. आज्ञाधारक मुलाचं लक्ष मोठ्यांच्या चेहऱ्याकडे असतं: रागावतील का, खूश होतील का? चांगल्या मुलाचं लक्ष ज्याला त्रास होतोय त्याच्याकडे असतं. एरवी दोघं सारखीच वागतात, म्हणून फसगत होते. सगळा वर्ग मिळून एकाला चिडवत असला की फरक उघडा पडतो. आज्ञाधारक मूल गप्प राहतं आणि त्यात कोणताच नियम मोडत नाही. चांगलं मूल त्या एकट्याशेजारी जाऊन बसतं, मग कदाचित त्यालाही चिडवलं जातं. आणि पाणउतारा खुद्द शिक्षकच करत असले तर? तिथे चांगलं वागायचं तर आज्ञा मोडावीच लागते. घरातही तेच. ‘बाबा, तुम्ही आजीला असं बोलायला नको होतं,’ असं म्हणणारं मूल उद्धट ठरतं. मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

बक्षिसांबद्दलही हट्टाने सांगते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मदत केल्याबद्दल ज्यांना खेळण्याची वस्तू मिळाली, ती मुलं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांचं नुसतं कौतुक झालं किंवा ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांचं तसं झालं नाही. म्हणून चांगल्या वागण्याला चॉकलेट लावू नका.

मग चांगुलपणा शिकवायचा कसा? मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांचा भर एका साध्या गोष्टीवर होता: मुलाच्या वागण्याने समोरच्याचं काय झालं, ते त्याला दाखवून द्यायचं. धाक आणि शिक्षा मुलाची नजर पुन्हा मोठ्यांकडेच वळवतात. माझे आईवडील हे पुस्तकं न वाचता करत. भांडण झालं की ‘चूक कुणाची’ हा प्रश्न नंतर यायचा, आधी ‘त्याला कुठे लागलंय बघ’. ‘सॉरी म्हण’ अशी सक्ती त्यांनी कधी केली नाही. मोडलेलं खेळणं दुरुस्त करून मात्र आपणच द्यायचं, आणि तेही ज्याचं मोडलं त्याला विचारून.