सातची घंटा आणि पंधरा वर्षांचं घड्याळ

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. लहानग्यांची झोप पुरी व्हावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. उशिरा भरणाऱ्या शाळेच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा चौथीच्या मुलांचा नाही, नववी-दहावीच्या मुलांचा आहे. सात वर्षांचं पोर रात्री नऊला झोपतं आणि सहाला आपण होऊन उठून बसतं. पंधरा वर्षांच्या पोराला सहाला उठवायला घरातली तिघं लागतात, आणि सातच्या घंटेला आपण नेमकं त्यालाच उभं करतो.

माझा भाचा कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, दहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे आजोबा गेले. त्याला सकाळी तेच उठवायचे, चहात बुडवायचं बटर पुढं ठेवायचे, सायकलच्या चाकात हवा आहे का बघायचे. ते गेल्यापासून पोरगं पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतं. एकदा आळशी म्हणून त्याला सगळ्यांदेखत वर्गाबाहेर उभं केलं. सहामाहीत गणितात घसरला. आरशासमोर उभा राहून तोंडावरच्या पुटकुळ्या दाबत बसतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं न्याहाळतो. दिवाळीत मला म्हणाला, "मावशी, फोटोत मला घेऊ नकोस." शेजारच्या एका काकूंनी 'आजोबांचा जीव नातवात अडकलाय' म्हणून मंतरलेला दोरा आणून दिला. ताईला मी स्पष्ट सांगितलं, आजोबांचा जीव नातवावर होता हे खरं, पण त्याची झोप उडवणारे ते नव्हेत. त्या माणसाच्या मायेवर असला आळ घेतलेला मला सहन होत नाही.

मग त्याला जवळ बसवून विचारलं. म्हणाला, "दहाला आडवा होतो गं. बारापर्यंत नुसता कूस बदलत पडतो. झोपच येत नाही." घरात कुणाचाच यावर विश्वास नव्हता. माझा बसला, कारण त्याचं शरीर नेमकं काय करतंय ते मला ठाऊक होतं.

झोप दोन यंत्रणा मिळून आणतात. ही मांडणी अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली. पहिली यंत्रणा साधी आहे. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितका झोपेचा दाब वाढतो, झोपलं की उतरतो. चहा-कॉफीतलं कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. दाब मात्र आत वाढतच असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे घड्याळ, आणि माझा जीव या घड्याळावर आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर सुमारे वीस हजार पेशींची एक जोडगोळी असते. तिचं नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस. यातली प्रत्येक पेशी स्वतःच एक घड्याळ आहे. पेशीतली काही जनुकं विशिष्ट प्रथिनं तयार करायला लावतात, ती प्रथिनं साठली की परत येऊन त्याच जनुकांना गप्प करतात, हळूहळू विघटित होतात आणि जनुकं पुन्हा बोलू लागतात. हा फेरा साधारण एका दिवसाचा. तो उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसात हा फेरा चोवीस तासांपेक्षा थोडा लांब, सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे घड्याळ रोज जरासं मागं पडू बघतं आणि रोज ते जुळवावं लागतं. जुळवतो तो प्रकाश. त्यासाठी दृष्टिपटलात वेगळ्या पेशी आहेत. त्यांचं काम चित्र दाखवणं नव्हे, उजेड किती आहे ते मोजणं. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक दाद देतात. संध्याकाळी उजेड कमी झाला की हेच घड्याळ पिनियल ग्रंथीला मेलाटोनिन सोडू देतं, आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते.

आता यात एक खोच आहे. एकच दिवा वेगवेगळ्या वेळी उलटसुलट परिणाम करतो. शरीराचं तापमान झोपेतून उठण्याच्या दोनेक तास आधी सर्वांत खाली जातं. त्या क्षणाच्या आधीचा, म्हणजे रात्रीचा प्रकाश घड्याळ मागं ढकलतो आणि नंतरचा, सकाळचा प्रकाश पुढं ओढतो. रविवारी अकरापर्यंत पडदे ओढून झोपलेलं पोर सकाळचा प्रकाश चुकवतं, म्हणून सोमवारी त्याचं घड्याळ आणखी मागं असतं.

वयात येताना या दोन्ही यंत्रणा सरकतात. झोपेचा दाब लहानपणापेक्षा सावकाश चढतो आणि मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा सुटू लागतं. दोष मोबाईलला देऊन मोकळं होता येत नाही. मेरी कारस्काडन यांनी वयात येणं आणि रात्री जागणं यांचा संबंध १९९३ मध्ये, स्मार्टफोन जन्मायच्या कितीतरी आधी दाखवला होता. वयात येणाऱ्या माकडांत आणि उंदरांतही असा बदल दिसतो. मोबाईल त्यात भर घालतो, एवढंच. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारा ते सकाळी सहा, किती झाले ते मोजा.

त्यात कोल्हापूरचा स्वतःचा एक हिशेब आहे. भारताची घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण ७४.२ च्या आसपास आहोत. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या तेहेतीस मिनिटं मागं चालतो. जानेवारीच्या मध्यात रंकाळ्यावर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. भाच्याची शाळा त्याआधी भरलेली असते.

सकाळचे जे दोन तास कापले जातात, त्यांत डोळे भिरभिरण्याची, स्वप्नांची झोप सर्वाधिक असते. भावनांनी भारलेल्या आठवणी मेंदू याच झोपेत हाताळतो, असं अनेक संशोधक मानतात. आजोबा गेलेल्या पोराकडून आपण नेमकी तीच झोप काढून घेतो. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतल्या ॲमिग्डाला या भावनांच्या केंद्राची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त होती आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडला होता. पंधरा वर्षांच्या मुलात हा पुढचा भाग मुळातच अजून घडत असतो. मग एक पुटकुळी डोंगराएवढी वाटते आणि वर्गाबाहेर उभं राहणं जन्मभराची नाचक्की वाटते.

"आपल्या तालमीतली पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात की," असं कुणीतरी म्हणतंच. मारतात, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण ती पोरं रात्री लवकर पाठ टेकतात, दुपारी खुराकानंतर पुन्हा झोपतात, त्यांचा अख्खा दिवस झोपेभोवती बांधलेला असतो. रात्री साडेआठला क्लासमधून सुटणाऱ्या पोराला 'पहाटे पाचला उठा, यशस्वी व्हा' हे व्हिडिओ दाखवणं म्हणजे अन्याय आहे. मेलाटोनिनच्या गोळ्यांच्या जाहिराती तर आणखी वाईट. ते संप्रेरक आहे आणि चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट दिशेला सरकू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका.

शाळा उशिरा भरवली तर पोरं आणखी उशिरा झोपतील, या शंकेचं उत्तर अमेरिकेतल्या सिएटल शहरानं दिलं. २०१६ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागल्या. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं, तर रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती.

भाच्याची शाळा अजून सातलाच भरते. मी लेखी अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतेय. घरात तेवढ्यात तीन गोष्टी केल्या. क्लासची शेवटची बॅच बदलून पाचची घेतली. दुपारची दोन तासांची झोप वीस मिनिटांवर आणली, कारण तीच रात्रीचा दाब उतरवत होती. आणि रविवारी साडेसातला त्याला गच्चीवर उन्हात बसवतो. बटर आता ताई आणते. परवा तो दोन बटर बुडवून खाईपर्यंत आजोबांबद्दल बोलत होता, पहिल्यांदाच.