काचेआडचा गाजर हलवा मळकट का दिसतो?

रेस्टॉरंटच्या दर्शनी शोकेसमधला गाजर हलवा मळकट दिसू लागला की बहुतेक मालक जास्त वॅटचा दिवा लावतात. हलवा उजळतो, मळकटपणा तसाच राहतो. उणीव उजेडाची नसते, उजेडातल्या तांबड्या रंगाची असते.

पांढरी एलईडी मुळात निळी असते. आतली चिप साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सोडते. चिपवरचा फॉस्फर, म्हणजे चकाकणाऱ्या रसायनाचा लेप, त्यातला बराचसा शोषून पिवळा प्रकाश देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. स्वस्त फॉस्फरमधून 630 नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा प्रकाश फार थोडा निघतो. गाजर स्वतः प्रकाश देत नाही, अंगावर पडलेला तांबडा तेवढा परतवते. तो पडलाच नाही, तर परतवणार काय?

दिव्याच्या खोक्यावरचा ‘सीआरआय 80’ (उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे 100 पैकी गुण) हा आकडा इथे दिशाभूल करतो. तो आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, म्हणजे आर-9, त्यात धरतच नाहीत. त्यामुळे 80 च्या दिव्याचा आर-9 शून्याजवळही असू शकतो. सीआरआय 90 च्या वर, आर-9 50 च्या वर आणि 2700 ते 3000 केल्विन (म्हणजे पिवळसर छटेचा), असा दिवा मागा. नुसत्या ‘वॉर्म’ शब्दावर जाऊ नका. दुकानातच दिव्याखाली तळहात धरून बघा: तांबडा कमी असेल तर हात पिवळट-राखाडी, आजाऱ्यासारखा दिसतो.

वास्तूच्या नावाखाली आग्नेयेला लाल बल्ब लावायला सांगतात. दिशेचा आणि पदार्थाच्या रंगाचा काही संबंध नाही. उलट निव्वळ लाल उजेडात पिस्त्याचा हिरवा रंग काळा पडतो.

भोवती 100 लक्स (लक्स हे उजेडाचे माप) असेल तर पदार्थांवर 300 ते 500 लक्स पुरे. छतावरचा स्पॉट, म्हणजे झोताचा दिवा, उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंश कलता ठेवा. त्याहून आडवा केला तर झोत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातो. 24 अंशांच्या लेन्सचा झोत 2 मीटरवर सुमारे 85 सेंटिमीटरचा गोल पाडतो, 15 अंशांचा 53 सेंटिमीटरचा. ट्रेच्या मापाने लेन्स निवडा.

शोकेसच्या आत एलईडीची पट्टी पुढच्या वरच्या कडेला, तोंड मागे करून बसवा. उघडी पट्टी लावली तर गुलाबजामाच्या पाकावर ठिपक्यांची रांग चमकते, म्हणून ती दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम खाचेतच बसवा. झोत गरम नसला तरी चिपची पाठ तापते. पट्टी थेट लाकडावर चिकटवली तर गोंद सुटतो आणि उजेड लवकर मंदावतो. मीटरला 9.6 वॅटची 2 मीटर पट्टी म्हणजे 19.2 वॅट, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर 30 वॅटचा घ्या आणि शोकेसबाहेर ठेवा.

पेढे-बर्फीला मात्र हा उजेड बेताचाच द्या. दुधातले रायबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) नेमका 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते, त्यातून स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते आणि खव्याला खवट वास येतो. रात्री शटर ओढताना शोकेसचे दिवेही बंद करा.