सायन्स फिक्शन सिनेमातल्या एलियन आणि स्पेसशिपचं डिझाईन

परग्रहावरचा जीव कसा दिसतो, त्याचं यान कसं असतं हे कोणीच बघितलेलं नाही, तरी सिनेमावाल्यांना ते दाखवावं लागतं आणि थिएटरात बसलेल्या माणसाला ते दोन तास खरं वाटावं लागतं. या कामात चित्रकार, मॉडेल बनवणारे, शिल्पकार, मेकअपवाले, सेट डिझायनर आणि आता व्हीएफएक्सवाले असे सगळे असतात. गंमत अशी की गाजलेल्या डिझाईनचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण पृथ्वीवरच्याच कुठल्यातरी वस्तूपाशी येऊन पोचतो, मग ती रिफायनरी असेल, भंगारातलं विमान असेल, नाहीतर रणगाड्याचं खेळण्यातलं किट.

सुरुवात १९०२ पासून धरतात. फ्रान्समधे जॉर्ज मेलिएस या दिग्दर्शकानं सिनेमात माणसं चंद्रावर पाठवली ती तोफेतून, त्यामुळं त्याचं यान म्हणजे सरळ तोफेचा गोळाच, आणि चंद्रावरचे लोक म्हणजे कवच घातलेले पॅरिसच्या फोली बेर्जेर थिएटरातले कसरतपटू. १९२९ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकानं आपल्या सिनेमासाठी हरमान ओबर्थ या रॉकेटच्या शास्त्रज्ञालाच सल्लागार घेतलं आणि तिथून पुढं बरीच वर्षं यान म्हणजे उभं, टोकदार रॉकेट असं ठरून गेलं. तबकडी आली ती १९४७ नंतर. अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या पायलटनं आकाशात काहीतरी उडताना बघितलं आणि ते पाण्यावर बशी फेकली की कशी उड्या मारत जाते तसं जात होतं असं सांगितलं, म्हणजे तो चालीबद्दल बोलत होता, पण पेपरवाल्यांनी उडती तबकडी असं छापलं आणि मग लोकांनाही तबकड्याच दिसायला लागल्या, सिनेमातही १९५१ साली वॉशिंग्टनमधे चंदेरी तबकडीच उतरली. एका शब्दानं आकार ठरवला याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं मला तरी माहीत नाही.

१९६८ ला स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'नं सगळंच बदललं. त्यासाठी यानं काढणारा हॅरी लांगं आधी नासासाठी भविष्यातल्या यानांची चित्रं काढायचा. त्यातल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल जवळजवळ १६ मीटर लांब होतं, आणि आतला गोल फिरणारा सेट ३८ फूट व्यासाचा, विमानं बनवणाऱ्या विकर्स कंपनीकडून खरोखर बनवून घेतलेला. अवकाशात हवा नसते त्यामुळं यानाला पंख नकोत, टोकदार नाक नको, हे या सिनेमानं लोकांच्या डोक्यात बसवलं. खरंतर अणुइंजिनाची उष्णता बाहेर टाकायला मोठे रेडिएटर हवेत म्हणून ते आधी डिझाईनमधे होते, पण लोकांना ते पंख वाटतील म्हणून काढले. शास्त्राप्रमाणं बरोबर असलेली गोष्ट डोळ्याला चुकीची वाटली तर ती काढावी लागते, हा या कामातला नेहमीचा पेच आहे.

मग १९७७. 'स्टार वॉर्स'मधली यानं मळलेली, ऑईल लागलेली, पोचे पडलेली होती. सेटवर भंगारात निघालेल्या विमानांचे पार्ट आणून लावले आणि मॉडेलवर रणगाडे, युद्धनौका, रेसिंग कार यांच्या प्लॅस्टिक किटमधले तुकडे चिकटवले, याला किटबॅशिंग म्हणतात. हे नुसतं सजावटीसाठी नसतं हे समजून घ्यायला पाहिजे. आपला डोळा वस्तूचा आकार मोजतो तो तिच्यावरच्या बारीक गोष्टींवरून, भिंत गुळगुळीत असेल तर ती एक फूट आहे का एक किलोमीटर ते कळत नाही, पण तिच्यावर पाईप, झाकणं, जोड, बारक्या खिडक्या दिसल्या की मेंदू आपोआप हिशेब लावतो की खिडकी एवढी तर यान केवढं असेल. सिनेमाच्या सुरुवातीला डोक्यावरून संपतच नाही असं वाटणारं जे प्रचंड यान जातं त्याचं मॉडेल साधारण तीन फुटांचं होतं. त्यात कॅमेऱ्याचं अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येणारं भोक, अगदी छोटं ठेवायचं म्हणजे जवळचं आणि लांबचं सगळं शार्प येतं, नाहीतर मागचा भाग धूसर झाला की लगेच कळतं की हे टेबलावरचं खेळणं आहे. अपर्चर छोटं म्हणजे उजेड कमी, म्हणून प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ, म्हणून कॅमेरा कॉम्प्युटरनं हळूहळू सरकवायचा आणि तीच हालचाल परत परत करायची, असं एकातून एक काम वाढत जातं.

त्याच वर्षी आलेल्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'चा संबंध थेट रायगड जिल्ह्याशी आहे, आणि हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत असतं. फेब्रुवारी १९७७ मधे खालापूरजवळच्या हाळ गावात याचं शूटिंग झालं, आकाशातून ऐकू आलेले पाच सूर शेकडो माणसं एकत्र गातात आणि सूर कुठून आले विचारल्यावर सगळ्यांचे हात एकदम वर जातात तो सीन. यातल्या मोठ्या यानाची, म्हणजे मदरशिपची, मूळ कल्पना चांदण्या झाकून टाकणाऱ्या एका काळ्या आकाराची होती. पण भारतात असताना स्पीलबर्गनं रात्री एक तेलाची रिफायनरी बघितली, हजारो दिवे, नळ्या, मनोरे, शिड्या, आणि यान बदललं. चेंबूर-माहुलकडच्या रिफायनऱ्या रात्री लांबून ज्यांनी बघितल्यात त्यांना हे सांगावंच लागणार नाही, दिवसा जे नुसतं लोखंड असतं ते रात्री अख्खं शहर होतं. यानाच्या खालच्या बाजूसाठी लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीचे रात्रीचे दिवे डोकं खाली करून बघितले तर कसे दिसतील ती कल्पना घेतली. राल्फ मॅक्वारीनं चित्र काढलं, ग्रेग जीननं मॉडेल बनवलं आणि डग्लस ट्रम्बलच्या टीमनं ते धूर भरलेल्या खोलीत शूट केलं, म्हणजे प्रत्येक दिव्याभोवती धुक्यातल्यासारखं वलय येतं. म्हणून हे यान धातूचं न वाटता उजेडाचं बनलेलं वाटतं. ते मॉडेल आता अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या म्युझियममधे आहे, आणि जवळून बघितलं तर त्यावर मॉडेल बनवणाऱ्यांनी लपवलेली फोक्सवॅगन गाडी, टपालपेटी, छोटीशी दफनभूमी असल्या गोष्टी सापडतात, ज्या पडद्यावर कोणाला दिसणारच नव्हत्या.

एलियनचं काम यानापेक्षा अवघड, कारण आत बहुतेक वेळा माणूस असतो आणि प्रेक्षकाला ते लगेच ओळखू येतं, दोन पाय, दोन हात, गुडघे तिथंच वाकतात. यावर सगळ्यात विचार करून काढलेला मार्ग मला १९७९ च्या 'एलियन'मधे दिसतो. दिग्दर्शक रिडली स्कॉटनं माणसांच्या वस्तू आणि परक्यांच्या वस्तू वेगवेगळ्या चित्रकारांकडं दिल्या. माणसांचं नॉस्ट्रोमो हे यान म्हणजे माल ओढणारं जहाज, त्याचं बरंचसं काम रॉन कॉबचं, तो इंजिनियरसारखा विचार करायचा, कुठल्या दारामागं हवा आहे, कुठं नाही याची छोटी चिन्हंसुद्धा त्यानं तयार केली. परकं यान आणि तो जीव मात्र एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराकडं, ज्याच्या चित्रांत हाडं आणि यंत्रं एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळं एका यानात सगळं सरळ, स्क्रू मारलेलं, लेबल लावलेलं आणि दुसऱ्यात बरगड्यांसारख्या भिंती, कुठं जोड दिसत नाही, बांधलंय का उगवलंय तेच कळत नाही. आपण आता माणसांच्या जगातून बाहेर आलो हे कोणी बोलून दाखवायची गरजच पडत नाही.

जीवाच्या सूटमधे बोलाजी बडेजो हा सहा फूट दहा इंच उंचीचा, अतिशय सडपातळ नायजेरियन तरुण होता, म्हणजे शरीराची मापंच नेहमीची वाटत नाहीत. गीगरनं त्याला डोळेच ठेवले नाहीत. तो कुठं बघतोय हे कळत नाही, म्हणून आपल्याकडं बघतोय असंच वाटत राहतं. आणि तरी स्कॉटनं त्याला पूर्ण असा फारसा दाखवलाच नाही, कधी जबडा, कधी हात, कधी शेपूट. अंड्याच्या आत जे हलताना दिसतं ते स्वतः स्कॉटचे रबरी हातमोजे घातलेले हात आहेत, आणि चेहऱ्याला चिकटणारा जो प्राणी नंतर टेबलावर उलटा करून तपासतात त्याच्या आतलं मांस म्हणजे मासे, कालवं आणि मेंढीचं मूत्रपिंड.

जीव प्रेमळ दाखवायचा असेल तर सगळं डोळ्यांवर येतं. 'एलियन'च्या डोक्याचं यंत्र करणारा इटालियन कार्लो राम्बाल्दीच १९८२ ला 'ई.टी.' बनवतो, पोट सुटलेला, लांब मानेचा, पण चेहऱ्यावर म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या आणि मोठे ओले डोळे. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९८० च्या योडा या म्हाताऱ्या एलियनला मेकअपवाल्या स्टुअर्ट फ्रीबॉर्ननं स्वतःचा चेहरा आणि आइनस्टाइनचे डोळे दिले होते.

कॉम्प्युटर आल्यावर सूटमधल्या माणसाची अडचण गेली, पण काहीही करता येतं म्हणून जास्त दात, जास्त शिंगं, जास्त पाय असंच बऱ्याचदा होत गेलं. २०१६ चा 'अरायव्हल' वेगळा वाटतो तो यामुळं. त्याचं यान म्हणजे उभी धरलेली, गारगोटीसारखी दगडी वस्तू, ना दिवे ना इंजिन, आकाराची कल्पना युनोमिया या लघुग्रहावरून घेतलेली. सात पायांचे जीव धुक्यात अर्धेच दिसतात आणि शाईसारखं काहीतरी सोडून गोल अक्षरं काढतात. त्यांना चेहराच नाही, म्हणून त्यांच्या मनात काय आहे ते त्या अक्षरांवरूनच शोधावं लागतं.

आपल्याकडं लोकांना लगेच आठवतो तो २००३ च्या 'कोई मिल गया'तला निळा, मोठ्या डोळ्यांचा, उन्हावर चालणारा 'जादू' नावाचा एलियन. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६७ साली, सत्यजित राय यांनी हॉलिवूडसाठी 'द एलियन' ही पटकथा लिहिली होती. त्यात यान बंगालमधल्या एका खेड्यात कमळांच्या तळ्यात बुडतं, वर फक्त सोनेरी कळस दिसतो आणि गावकरी ते पाण्यातून वर आलेलं देऊळ समजून पूजा करायला लागतात. आधी इथला माणूस ते बघून काय समजेल याचा विचार आणि मग त्यावरून यानाचा आकार, असं इतक्या साधेपणानं दुसऱ्या कोणी केलेलं मला दिसलं नाही. सिनेमा झाला नाही, राय यांनी स्वतः काढलेली त्या जीवाची स्केचेस तेवढी राहिली.