पर्यावरण कायद्याचे अध्यापन (खानदेश)

विधी महाविद्यालयांत पर्यावरणविषयक कायदे शिकवण्याचा आणि त्यांवर संशोधन करण्याचा पेशा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील विधी महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कक्षेत येतात.

विषय तसा तरुण. जल प्रदूषण कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत हा विषय सक्तीचा आहे. प्राध्यापकीची वाट ठरलेली : एलएल.एम., नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग सहायक प्राध्यापक. सहयोगी व्हायचे तर पीएच.डी. अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर जातात, आणि पर्यावरणाच्या जोडीला करार, पुरावा असे मिळतील ते पेपरही शिकवावे लागतात.

खानदेशात या विषयाचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे गिरणा नदीचे पात्र. वर्गात वाळू म्हटले की विद्यार्थ्याला आधी तहसील आठवते : रात्री पकडलेले ट्रॅक्टर, तलाठ्याचा पंचनामा, ब्रासच्या (वाळू मोजण्याच्या मापाच्या) हिशोबाने दंड. हे सारे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ चे काम. त्याच वाळूला २००६ ची पर्यावरणीय मंजुरीची अधिसूचनाही लागू होते आणि वाळूसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही मंजुरी हवी असे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २०१२ मध्ये सांगितले, हे शिक्षकाला फळ्यावर मांडावे लागते. पंचनाम्यात ब्रास मोजले जातात. काठच्या विहिरीचे उतरलेले पाणी त्यात येत नाही.

सातपुड्यात प्रश्न वेगळे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली; नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा आणि सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल एकत्र वाचल्याशिवाय पुनर्वसन शिकवता येत नाही. वनहक्क कायदा (२००६) समजावताना साक्री तालुक्यातले बारीपाडा हाताशी असते. तिथे गावाने जंगल राखले आणि या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

संशोधनाला सर्वांत सुपीक, आणि तरी कायद्याच्या अभ्यासकांनी बरीचशी अभियंत्यांवर सोडलेली गोष्ट म्हणजे पांझरा नदीच्या खोऱ्यातली सिंचनाची फड पद्धती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे भाग. प्रत्येक फडात एकच पीक आणि बहुतेक शेतकऱ्यांचा प्रत्येक फडात तुकडा. पाणी कमी पडले की एखादा फड त्या हंगामापुरता कोरडा ठेवतात. तोटा आपोआप सगळ्यांत वाटला जातो. नियम बहुतांशी तोंडी असल्याने ते समजून घ्यायचे तर ग्रंथालयापेक्षा पाटाचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याजवळ बसावे लागते, तेही पाणी सुटलेले असताना.