सूर दुरुस्त, गळा तोच: हाताने केलेल्या पिच करेक्शनची पार्श्वभूमी

रेकॉर्ड झालेल्या गाण्यातला उतरलेला सूर वर घेणे आता काही सेकंदांचे काम आहे. अवघड आहे ते तो असा वर घेणे, की ऐकणाऱ्याला कुठे हात लागला हे कळू नये. श्वास, शब्दाची फेक, सुरावर येण्याची त्या गायकाची लकब, सगळे जसेच्या तसे राहायला हवे. इथवर यायला बराच काळ गेला. या वाटचालीत सूर अचूक मोजण्याचे तंत्र कामी आलेच, पण त्याहून जास्त कामी आली ती एक समज: गळ्यातली कोणती हालचाल चूक आहे आणि कोणती हालचाल म्हणजेच गाणे आहे, हे ओळखण्याची.

ती समज यंत्रांच्या बरीच आधीची. सुराची उंची मोजायला लागणारे एकक १८८५ मध्येच मिळाले होते. अलेक्झांडर एलिस यांनी सप्तकाचे १२०० सेंट केले, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर आणि त्यांचे सहकारी गायकांच्या सुरांचे आलेख काढू लागले. त्या आलेखांत जे उमटले ते संगीत शिकवणाऱ्यांनाही नवे होते. व्हायब्रेटो घेतलेला सूर सेकंदाला साधारण सहा-सात वेळा वरखाली होतो आणि त्याचा एकूण पल्ला अर्ध्या स्वराच्या आसपास असतो. कानाला मात्र एकच सूर ऐकू येतो, त्या हेलकाव्याच्या मध्यावरचा. उत्तम गायकसुद्धा बऱ्याचदा खालून सरकत सुरावर येतात आणि श्रोत्याला तो सूर थेट लागल्यासारखा वाटतो. कागदावर सरळ रेघ कुठेच नव्हती, आणि तरी ते गाणे सुरेल होते. पिच करेक्शनच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली या निरीक्षणात आहे असे मी मानतो.

टेपच्या जमान्यात कणसूर जागेवर उपाय एकच होता, पुन्हा गाणे. एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे ठेवणारी मल्टिट्रॅक यंत्रे आल्यावर (गिटारवादक लेस पॉल यांच्यासाठी अँपेक्स या कंपनीने बनवलेले आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ चे) गायकाचे अनेक टेक, म्हणजे एकच गाणे पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंगे, शेजारी-शेजारी ठेवता येऊ लागली. मग एका टेकमधली ओळ आणि दुसऱ्यातला शब्द जोडून एक सलग गाणे तयार करायचे, म्हणजे कॉम्पिंग. किंवा चालू टेपवर नेमक्या शब्दाला रेकॉर्डिंग सुरू करून शब्द संपताच बंद करायचे, म्हणजे पंच-इन. जुनी म्हणून ही पद्धत बाजूला टाकण्यासारखी नाही. नैसर्गिक वाटण्याची तिच्याइतकी खात्री आजचे कुठलेही सॉफ्टवेअर देत नाही, कारण तिच्यात ऐकू येणारा प्रत्येक सूर कोणीतरी खरोखर तसा गायलेला असतो.

गायक पुन्हा येणे शक्य नसेल तर टेपचा वेग बदलायचा. वेग जवळपास ६ टक्क्यांनी वाढवला की सूर एक सेमीटोन, म्हणजे १०० सेंट चढतो. पण त्याबरोबर गाणे लवकर संपते आणि आवाजही बदलतो. हे का होते ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुढची तीस-पस्तीस वर्षे तंत्रज्ञांची झटापट याच गोष्टीशी होती. सूर ठरतो स्वरतंतूंच्या कंपनांनी. आवाजाची ओळख, म्हणजे हा अमक्याचाच गळा आणि हा ‘आ’च, ‘ए’ नव्हे, हे ठरते घसा आणि तोंडाच्या पोकळीच्या अनुनादांनी. त्यांना फॉर्मंट म्हणतात. गायक वरचा सूर लावतो तेव्हा स्वरतंतू जलद कंप पावतात, पण तोंडाची पोकळी काही त्या प्रमाणात आक्रसत नाही. टेप जलद फिरवली की मात्र सूर आणि फॉर्मंट दोन्ही एकदम वर जातात आणि मोठा माणूस लहान मुलासारखा ऐकू येतो. २० सेंटची दुरुस्ती असेल तर वेगातला फरक सव्वा टक्क्याहूनही कमी, तेवढा खपून जायचा. त्यापुढे मात्र नाही.

वेळ न बदलता सूर बदलायचा प्रयत्न १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या हेडच्या यंत्राने केला. ध्वनीचे बारीक तुकडे करायचे, काही गाळायचे किंवा पुन्हा वाजवायचे, असे ते तत्त्व. १९७५ मध्ये आलेल्या इव्हेंटाइडच्या एच-९१० हार्मोनायझरने हीच गोष्ट डिजिटल स्मृतीत केली. त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक न्यूयॉर्कची टीव्ही वाहिनी होती. जाहिरातींना जागा व्हावी म्हणून ती जुनी मालिका थोडी वेगाने दाखवायची आणि चढलेले आवाज या यंत्राने खाली आणायची. स्टुडिओत इंजिनीअर गायकाचा ट्रॅक हार्मोनायझरमधून सोडत. उतरलेला शब्द आला की कानाने अंदाज घेत बटण किंचित फिरवत, शब्द संपताच जागेवर आणत, आणि हे सगळे दुसऱ्या ट्रॅकवर उतरवून घेत. हाताने पिच दुरुस्त करण्याची ही खरी सुरुवात. स्क्रीन नव्हती, आलेख नव्हता. तुकड्यांच्या सांध्यावर खरखर यायची. १९७७ च्या एच-९४९ मध्ये ती कमी झाली. पुढे सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून हव्या त्या सुरात वाजवणारे यंत्र, आल्यावर एखादा शब्द त्यात उचलून, सूर बदलून परत टेपवर बसवणे नित्याचे झाले. या कामाला तासन्तास लागत, म्हणून ते अगदी नडलेल्या जागीच होई.

फॉर्मंटची गाठ सुटली ती संगीताच्या बाहेर. फ्रान्सच्या दूरसंचार संशोधन केंद्रात संगणकाकडून बोलून घेण्याचे काम चालू होते. तिथल्या एरिक मुलीन आणि फ्रान्सिस शारपाँतिए यांनी १९९० मध्ये पीसोला या पद्धतीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना विलक्षण साधी आहे. स्वरतंतूंच्या प्रत्येक कंपनाभोवतीचा छोटा तुकडा वेगळा काढायचा. सूर चढवायचा तर हे तुकडे एकमेकांच्या जवळ मांडायचे, उतरवायचा तर लांब. तुकड्याच्या आतला आकार बदलत नाही, म्हणून फॉर्मंट जागेवर राहतात आणि गळा ओळखीचा राहतो. तुकडे मोजून कमी-जास्त केले की वेळही तीच राहते. अट एकच, की प्रत्येक कंपन नेमके कुठे सुरू होते ते यंत्राला कळले पाहिजे.

हे अचूक आणि झटपट कळण्याची सोय केली अँडी हिल्डेब्रँड यांनी. तेलसाठे शोधणाऱ्या भूकंपलहरींच्या विश्लेषणात त्यांची बरीच वर्षे गेलेली. जमिनीत लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून खालचे थर ओळखायचे. ते काम सोडून ते संगीताकडे वळले. एका जेवणाच्या वेळी सहकाऱ्याच्या पत्नीने, मला सुरात गायला लावणारी पेटी बनवा, असे सुचवल्याची गोष्ट ते सांगत आले आहेत. सूर ओळखायला त्यांनी ऑटोकोरिलेशन वापरले. ध्वनिलहर तिच्याच थोड्या मागे सरकवलेल्या प्रतीशी ताडून पाहायची, जिथे दोन्ही तंतोतंत जुळतात तेवढा एका कंपनाचा काळ. हे गणित त्या काळच्या संगणकांना झेपणारे नव्हते. हिल्डेब्रँड यांनी आकडेमोड इतकी कमी केली, की ती गाणे चालू असतानाच करता येऊ लागली. १९९७ मध्ये त्यांचे ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर बाजारात आले.

त्यातला रिट्यून स्पीड हा कंट्रोल समजला की नैसर्गिक दुरुस्तीचा अर्धा प्रश्न समजतो. चुकलेला सूर जवळच्या योग्य सुरावर किती वेळात न्यायचा, हे तो ठरवतो. शून्य ठेवला तर सूर एका क्षणात उडी मारतो, दोन सुरांमधली वाट नाहीशी होते. अमेरिकन गायिका शेर यांच्या १९९८ च्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात जो काचेसारखा आवाज जगाने ऐकला तो असा तयार झाला. ती क्लृप्ती गुप्त राहावी म्हणून निर्मात्यांनी सुरुवातीला तो वोकोडरचा, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या जुन्या उपकरणाचा परिणाम असल्याचे सांगितले होते. तो परिणाम हवा म्हणून केलेला होता आणि त्याला त्याचे स्वतःचे सौंदर्य आहे. आपला विषय त्याच्या अगदी उलट टोकाचा.

आता सीशोर यांचे आकडे इथे लावून पाहा. व्हायब्रेटोचा एक हेलकावा साधारण १५० मिलिसेकंदांचा. दुरुस्ती २० मिलिसेकंदांत होत असेल तर यंत्र प्रत्येक हेलकाव्याला चूक समजून सपाट करते. ती बरीच संथ ठेवली तर व्हायब्रेटो वाचतो, पण खरोखर उतरलेला छोटा सूर दुरुस्त होण्याआधीच संपून जातो. पुढच्या आवृत्त्यांत आलेली ह्युमनाइझ ही सोय याच अडचणीतून निघाली: छोट्या सुरांना जलद दुरुस्ती, लांबवलेल्यांना संथ. तरीही एकाच आकड्याने सगळे गाणे सांभाळता येत नाही. म्हणून ऑटो-ट्यूनमध्ये सुराची वक्ररेषा माउसने स्वतः काढण्याची ग्राफिकल पद्धतही होती आणि चोखंदळ इंजिनीअर तिच्यावरच भर देत.

हाताच्या कामाला खरे बळ दिले ते म्युनिकच्या पीटर नॉयबेकर यांनी. दगडाचा सूर कसा असेल, या त्यांच्या प्रश्नातून मेलोडाइन या सॉफ्टवेअरची सुरुवात झाल्याचे सांगतात. २००१ च्या नॅम या संगीत-उपकरणांच्या व्यापारी प्रदर्शनात मेलोडाइन लोकांसमोर आले. यात गायलेला प्रत्येक सूर वेगळा ठोकळा म्हणून दिसतो, त्याला ब्लॉब म्हणतात, आणि ब्लॉबमधून सुराची खरी हालचाल दाखवणारी बारीक रेष जाते. मला मोलाची वाटते ती त्यातली विभागणी. सुराचा मध्य, हळूहळू घसरण्याची किंवा चढण्याची प्रवृत्ती, आणि जलद हेलकावे, ही तीन वेगवेगळी हत्यारे. मध्य २० सेंट वर घ्या, शेवटी उतरत जाणारा कल अर्धा कमी करा, व्हायब्रेटोला हातही लावू नका. आयोवात आलेखावर दिसलेले वेगळेपण इथे प्रथमच बोटाच्या टोकाशी आले. एकाच वेळी वाजणारे अनेक सूर सुटे करण्याची सोय २००९ मध्ये आली. ती जास्त गाजली, पण गळ्याच्या कामात आधीची विभागणीच उपयोगाची ठरते.

एक सूर जवळून पाहू. ५०० मिलिसेकंदांचा. गायिका १०० सेंट खालून सुरुवात करते, पहिल्या १०० मिलिसेकंदांत सरकत वर येते आणि उरलेले ४०० अगदी नेमक्या सुरावर थांबते. कानाला हा सूर निर्दोष आहे. पण सगळ्या सुराची सरासरी काढली तर ती १० सेंट खाली येते, कारण सरकण्याचा भागही तिच्यात मोजला जातो. ‘सगळे मध्यावर आणा’ असा आदेश दिला की ब्लॉब १० सेंट वर जातो आणि चांगला लागलेला सूर चढा होतो. हाताने काम करणारे इथे ब्लॉबला कात्री लावतात, सरकण्याचा भाग वेगळा करतात आणि मूळ सुराला जिथे आहे तिथेच राहू देतात. २०२० च्या मेलोडाइन ५ मध्ये मध्य काढण्याची रीत बदलली. कानाला निर्णायक वाटणाऱ्या भागाला जास्त वजन मिळू लागले. त्याच आवृत्तीने ‘स’, ‘श’ यांसारखे ऊष्म ध्वनी आणि श्वास आपोआप वेगळे धरायला सुरुवात केली. या ध्वनींना सूरच नसतो. त्यांना ओढले की उच्चार बोबडा होतो, आणि दुरुस्ती उघडी पडते ती बहुतेक वेळा अशाच ठिकाणी, सुरावर नव्हे.

दरम्यान ही हत्यारे सर्वांच्या हाती आली. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांपैकी क्युबेसमध्ये २००९ पासून, लॉजिकमध्ये २०१३ पासून अशी सोय आतच आहे. तंत्राला मानही मिळाला: मेलोडाइन बनवणाऱ्या सेलेमनी कंपनीला २०१२ मध्ये आणि हिल्डेब्रँड यांना २०२३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी. विरोधही झाला. २००९ च्या ग्रॅमी सोहळ्यात डेथ कॅब फॉर क्युटी हा बँड निषेधाच्या निळ्या फिती लावून आला होता. त्यांची तक्रार मला समजते. सगळे सूर रेषेवर बसवलेले गाणे थकवते, मग ते कितीही अचूक असो.

एक प्रश्न अजून रेषांच्या मांडणीतच आहे. स्क्रीनवरच्या पट्ट्या समान १०० सेंटच्या आहेत, म्हणून षड्जापासून शुद्ध गांधार ४०० सेंटवर दिसतो. पण दोन-तीन गळे वाद्याविना एकत्र गाताना गांधार आपसूक ३८६ सेंटकडे झुकतो, कारण तिथे तो खालच्या षड्जाशी निखळ मिसळतो. त्या १४ सेंटना चूक समजून वर ओढले तर प्रत्येक आवाज सुटा ऐकायला बरोबर, आणि एकत्र ऐकायला कडक. म्हणून कोरस दुरुस्त करताना जाणते हात स्नॅप, म्हणजे सूर आपोआप जवळच्या रेषेवर बसवण्याची सोय, बंद ठेवतात, आधी खालचा षड्ज पक्का करतात आणि गांधार त्याच्याशी कानाने जुळेपर्यंत सरकवतात. सोबत पियानो असेल तर हिशेब बदलतो, कारण पियानोचा गांधार ४०० सेंटच्या आसपासच लावलेला असतो आणि गळ्याला त्याच्याजवळ जावे लागते.